बंद बंडी

सांगलीहून आलेलं पत्र याकूब मास्तरांनी पोस्टमनकडून एकदा, हेडमास्तरांकडून एकदा आणि आकाराम हवालदाराकडून दोनदा वाचून घेतलं. स्वतःला वाचता येत नव्हतं असं नाही. पण हे पत्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला बरं वाटत होतं. मजकूर दोनच ओळींचा. "आपल्या बंद बंडीचा फेरविचार चालू आहे. पाहणीसाठी आमचे नानासो येत्या बाजारादिवशी रहिमतपुरास येतील, तरी ती वापरणारी माणसे दाखवावीत."

"मास्तर, कंपनी बोलावतीया तुमास्नी," आकाराम म्हणाला.

"बोलावतीया कुठं? इचार चाललाय म्हनं नुसता."

"मिल्ट्रीत इचार चाललाय म्हंजे ऑर्डर निघाली समजायचं!" आकाराम पंधरा वर्षं फौजेत होता आणि पेन्शनीवर येऊन सहा वर्षं झाली, तरी अजून फौजेतच होता.

मास्तर सांगलीच्या त्या कपड्याच्या कंपनीत वीस वर्षं कटर होते. थोरल्या मालकांच्या अमदानीत त्यांनी एक बंडी बेतली. जाड मांजरपाट, दुहेरी शिवण, आतून चोरखिसा, आणि गुंड्यांच्या जागी कडेला बांधायचे चार बंद. वडूजच्या बाजारापासून सांगलीच्या पेठेपर्यंत रानात राबणाऱ्या माणसाच्या अंगावर तीच दिसायची. मग थोरले मालक गेले, त्यांचे चिरंजीव हंबीरराव गादीवर बसले, टेरिकॉटचे बुशशर्ट आले, आणि सदुसष्ट साली बंडी बंद पडली. मास्तर आपली कातर फडक्यात गुंडाळून गावी परतले.

त्याला आता नऊ वर्षं झाली होती. रहिमतपुरात दुकान होतं, गिऱ्हाईक होतं, पोटाला कमी नव्हतं. कमी होतं ते एक टेबल. सांगलीचं ते सागवानी टेबल, कमरेइतकं उंच, बारा हात लांब. त्यावर कापडाच्या आठ घड्या अंथरायच्या, निळ्या खडूनं रेघ मारायची आणि ताठ उभं राहून कातर घालायची. खर्रर्र असा आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. इथं चटईवर उकिडवं बसून कापताना गुडघे कुरकुरायचे आणि कातर दोन हातांवरच भिंतीला भिडायची. मास्तरांना त्या टेबलाची फार आठवण यायची. दुपारी जेवताना यायची, नमाज पढून उठताना यायची.

"माज्याबिगर ऱ्हाल तुमी," त्यांची बायको रहिमतबी म्हणायची, "पर त्या लाकडाबिगर न्हाई."

बाजाराच्या दिवसाची सगळी तयारी आकारामानं अंगावर घेतली आणि तिथंच घोळ सुरू झाला. पत्रातल्या 'बंद बंडी'चा त्यानं आपल्या परीनं अर्थ लावला होता.

"बंद बंडी म्हंजे बंदाची बंडी. बंद बगायला येनार सायेब! ज्येच्या बंडीचा एक बी बंद तुटल्याला असंल, त्यो लायनीत न्हाई."

झालं. गावात बंदांसाठी नुसती पळापळ उडाली. कुणी धोतराची किनार फाडली, कुणी पिशवीची नाडी ओढली, जोतीरामानं तर लेकीची लाल रिबन लावली. बायकांनी बंड्या रिठ्यानं धुतल्या, निळीत बुचकळल्या, तांब्यात निखारे घालून इस्त्री केली. बाजारादिवशी सकाळी मास्तरांच्या दुकानापुढं सतरा माणसं ओळीनं उभी राहिली, तेव्हा मास्तरांचे डोळे भरून आले. सतराच्या सतरा बंड्या त्यांच्याच हातच्या. एकेकीचा बेत त्यांनी लांबूनच ओळखला.

नानासो कंपनीचे सुपरवायझर. ते एस.टी.तून उतरले, घाम पुसला, आणि ओळ बघून थक्कच झाले.

"सावधान!" आकाराम ओरडला. बाजारातली दोन गाढवं उधळली.

"वा वा!" नानासो वही काढत म्हणाले. "मास्तर, एवढी माणसं? मालक खूश होतील. काय पावणं, कशी काय हाय बंडी?"

"लय झ्याक," पहिला नाथाजी म्हणाला.

"किती वर्सं वापरताय?"

"तेरा झाली. माजा थोरला तवा रांगत हुता."

"आता कंपनीनं परत काडली तर नवी घेनार न्हवं?"

नाथाजीनं बंडीकडं पाहिलं, नानासोंकडं पाहिलं. "कशाला? ही हाय की!"

नानासोंचं पेन थांबलं. ते पुढच्याकडं सरकले. तो म्हणाला, "कशाला? ही हाय की." त्याच्या पुढच्यानं तर वर सांगितलं, की ही बंडी माझ्या बापाची, आणि ती पोराला घालायचा विचार आहे. लाल रिबनवाला जोतीराम म्हणाला, "सायेब, म्हैस बदलली, बैल बदललं, बंडी न्हाई बदलली." सतराव्या माणसापर्यंत नानासोंनी वहीत काही लिहिणंच सोडून दिलं.

मास्तर घाईनं पुढं झाले. त्यांनी आकारामाला बाजूला ओढलं. "आरं, ह्यास्नी म्हनावं, फाटली म्हना! न्हाईतर माजं सांगलीला जायाचं ऱ्हायलं!"

आकारामानं हुकूम बदलला. "ऐका रं! समद्यांनी म्हनायचं, बंडी फाटली!"

ओळीत चुळबुळ झाली. मागं दगडाबाई उभी होती. नवरा उसाला पाणी पाजत होता म्हणून त्याची बंडी काठीला अडकवून ती स्वतःच हजर झाली होती. ती कडाडली, "याकूबभाईची शिवन फाटली म्हनू? जीब झडंल माजी! आमचं धनी हिरीत पडलं तवा ह्या बंडीला धरून वर वडलं त्येस्नी. चौगांनी वडलं!"

"व्हय, व्हय," ओळ गरजली. कुणाला तरी वाटलं, साहेबांना खात्री करून द्यावी. नाथाजीनं बंडी उतरवली, दोघांनी एक बाजू धरली, दोघांनी दुसरी, आणि भर बाजारात रस्सीखेच सुरू झाली. बंडी तशीच राहिली. चौघांतले दोघे मात्र भाजीवालीच्या वांग्यांत जाऊन पडले.

वांग्यांचा निकाल लागल्यावर नानासो मास्तरांच्या दुकानात टेकले. चहा प्यायले. मग हळूच म्हणाले, "मास्तर, राग मानू नका. बंडी बंद का पडली म्हाईत हाय? एकदा घेतली की मानूस जन्मात परत दुकानाकडं फिरकत न्हाई. असं केलं तर कंपनी चालायची कशी?"

मास्तरांनी रिकाम्या कपबशा एकात एक घातल्या.

"एक करा. दिसाय तशीच, पर एकेरी शिवन मारा. कच्ची. दोन पावसाळं टिकली की बास. सोमवारी नमुना घिऊन सांगलीला या. मालकांच्या मनात हाय. जमलं तर तुमचं टेबल तुमाला."

'तुमचं टेबल' हे दोन शब्द मास्तरांच्या काळजात जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मशीनवर बसले. कापड बेतलं, कापलं, आणि कच्ची शिवण मारायला घेतली. पण पाय मशीनच्या पायडलवर पडला की हात आपोआप कापड दुमडायचा आणि शिवण दुहेरी होऊन बाहेर पडायची. मास्तर स्वतःला शिव्या घालत उसवायचे, पुन्हा मारायचे, पुन्हा तेच! दुपारपर्यंत एक बाही चार वेळा उसवून झाली.

"रहिमत, तू बस गं."

"मी? मला तरी कवा येत हुतं शिवाय?"

"म्हनून तर!"

रहिमतबीनं तीस वर्षांत पहिल्यांदा मशीनला हात लावला आणि तासाभरात बंडी तयार केली. शिवण अशी, की बघूनच उसवेल. मास्तरांनी ती घडी करून पिशवीत टाकली आणि तिच्याकडं परत बघायचं नाही असं ठरवलं.

सोमवारी सकाळच्या आगगाडीत बसले. तारगावपर्यंत त्यांनी खिडकीबाहेरच पाहिलं. मसूरला वाटलं, एकदा बघावी. बघितली आणि अंगावर काटा आला. काखेत तर चक्क भोक होतं! दोन पावसाळे सोडा, ही पहिल्या शिंकेला जायची. एवढी एक काख तरी नीट करू, असं म्हणत त्यांनी टोपीतली सुई काढली आणि हातानं बखिया घातला.

समोर साळूबाई नावाची म्हातारी बसली होती, लेकीकडं भिलवडीला निघालेली. ती म्हणाली, "एकीकडंच घातला व्हय? दुसरी काख काय सावत्र हाय?"

मास्तरांना ते पटलं. कऱ्हाड येईपर्यंत दुसरी काख झाली. मग दोन्ही काखा पक्क्या आणि खांदे कच्चे, हे काही बरं दिसेना. टाकारीला खांदे झाले. "खिसा लोंबतोय की वो," साळूबाई म्हणाली. खिसा झाला. भिलवडीला ती उतरली तेव्हा कडा चालू होत्या, आणि उतरता उतरता तिनं बजावलं, "बंद तेवडं बळकट लावा, पयल्यांदा त्येच तुटत्यात." सांगलीच्या फलाटाला गाडी लागली तेव्हा मास्तरांनी दातानं दोरा तोडला, बंडी पुढं धरली आणि मन भरून पाहिली. मग काय करून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं. पण आता उसवायला वेळ नव्हता.

हंबीरराव मालक कडक इस्त्रीचा टेरिकॉटचा बुशशर्ट घालून खुर्चीत बसले होते. त्यांनी बंडी हातात घेतली, उलटसुलट केली.

"दिसायला तर तीच हाय. कच्ची हाय न्हवं, मास्तर?"

मास्तर खोटं बोलले नाहीत, खरंही बोलले नाहीत. "बायकूनं शिवलीया," म्हणाले.

हंबीररावांनी काखेत दोन्ही हात घालून ओढलं. काही नाही. नानासोंनी ओढलं. काही नाही. मग मालक इरेला पेटले. उठून उभे राहिले, बंडीचं एक टोक नानासोंच्या हाती दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि सगळा जोर लावून हिसडा मारला. टर्रर्र असा दणदणीत आवाज झाला.

"फाटली!" नानासो आनंदानं ओरडले.

फाटला होता मालकांचा बुशशर्ट, खांद्यापासून थेट कमरेपर्यंत.

नानासोंनी आपलं टोक सोडून दिलं. हंबीररावांनी आपल्या शर्टाकडं पाहिलं, मग मास्तरांकडं. "मास्तर," ते शेवटी म्हणाले, "तुमाला फाटंल असं शिवता येत न्हाई."

"न्हाई येत, मालक."

"मग हे काय जमायचं न्हाई. नानासो, लिवा. बंडी बंद."

मास्तरांनी मान हलवली. पिशवी उचलली. "मालक, एकडाव टेबल बगून जाऊ?"

टेबल होतं तिथंच होतं. वर बुशशर्टांच्या खोक्यांची चळत. मास्तरांनी एक खोकं थोडं सरकवलं. कडेला त्यांच्या कातरीनं पडलेली खाच अजून तशीच होती, निळ्या खडूची पूडही तिच्यात होती. त्यांनी तिच्यावर अंगठा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. नऊ वर्षं ज्यासाठी जीव तुटत होता ते हाताखाली होतं आणि आता ते सोडून जायचं होतं.

मागं पावलं वाजली. हंबीरराव आले होते. शर्ट फाटला म्हणून त्यांनी ती बंडीच अंगात चढवली होती आणि कडेचा बंद बांधता बांधता ते थांबले होते.

"आमचं आबा अशीच बांधायचं," ते म्हणाले. आवाज वेगळाच येत होता. "मी ल्हान हुतो तवा त्येंच्या मांडीवर बसून हे बंद सोडायचो. लय दिसांनी आठवलं बगा." मग टेबलाकडं आणि मास्तरांच्या अंगठ्याकडं त्यांनी पाहिलं. "मास्तर, कंपनीचं ऱ्हाऊ द्या. माज्यासाठी अजून एक शिवा. हितंच. खोकी उतरवायला सांगतो. आठ दिस ऱ्हावा, निवांत टेबलावर कापा. अशीच एक बंडी."

मास्तरांनी बंडी निरखली. खांदा नीट बसला होता, काख झकास, बंद बळकट. छाती अभिमानानं भरून आली आणि शब्द तोंडातून कधी सुटले ते त्यांचं त्यांना कळलं नाही.

"कशाला, मालक? ही हाय की! जन्माला पुरंल तुमच्या."

हंबीररावांनी बंडीवरून हात फिरवला. "त्ये बी खरंच," म्हणाले आणि ऑफिसात गेले.

परतीच्या गाडीत टाकारी आली तेव्हा मास्तर एकदम ताडकन उठून उभे राहिले. शेजारच्यानं विचारलं, "काय वो, सामान ऱ्हायलं का?"

"व्हय," मास्तर म्हणाले, आणि खाली बसले.

दिवस मावळता घरी पोचले. रहिमतबीनं हात धुवायला पाण्याचा तांब्या आणला. "काय झालं? फाटली का माजी बंडी?"

"न्हाई."

"मग टेबल?"

मास्तरांनी सगळं सांगितलं, शेवटचं 'ही हाय की'सुद्धा. ती हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती हसली नाही. अंगठ्याला निळा खडू लागला होता, तो तिनं पाहिला, आणि हात धुवायला म्हणून आणलेलं पाणी तिनं तसंच माघारी नेलं.