खालचा आकडा, वरचा आकडा

चिंचेने तांबे घासले की जो वास सुटतो, त्याला साजेसे विशेषण मला अजून सापडलेले नाही. आंबट म्हणावे, तर त्याच्या तळाशी ओल्या नाण्याची एक धार असते. आणि धातूचा म्हणावे, तर त्यात झाडाचे काहीतरी शिल्लक राहते. आमगावातल्या आमच्या गल्लीत हा वास सकाळी सहाच्या सुमारास भिंतीपलीकडून येतो. त्याच्या मागोमाग गुंडावर, म्हणजे पाण्याच्या तांब्याच्या घागरीवर, पाणी ओतल्याचा आवाज येतो आणि मग टेंभरेकाकांचा.

"बाई, आज थंडी अकरा ते तेरा. बारा धरून चाला."

टेंभरेकाका माझे शेजारी. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे, आणि ती इतकी पातळ आहे की त्यांच्या चुलीवर काय शिजते ते मला स्वयंपाकघरात न जाताही कळते. या गृहस्थांनी कोणत्याही प्रश्नाला एका आकड्यात उत्तर दिल्याचे मी ऐकलेले नाही. चहात साखर किती, असे विचारले तर "एक ते दीड चमचा." डॉक्टरांनी वय विचारले तर "चौऱ्याहत्तर ते शहात्तर." डॉक्टर सुज्ञ होते, त्यांनी मधला लिहिला.

हे वेड कुठून आले, याचा उलगडा काका स्वतःच करतात. राज्याच्या सीमेपलीकडच्या एका तांब्याच्या खाणीत ते तीस वर्षे नमुनाखोली सांभाळत. यंत्राने जमिनीच्या पोटातून काढलेल्या दगडाच्या लांब कांड्या लाकडी पेट्यांत ओळीने मांडायच्या, कोणती किती खोलीवरची ते रंगाने लिहायचे, आणि साहेब आले की हवी ती कांडी हातात द्यायची. साहेब ती भिजवून, उन्हात धरून पाहत आणि खाली तांबे किती असेल ते सांगत.

"तीस वर्षांत एकाबी साहेबानं एक आकडा नाही सांगतला," काका म्हणतात. "दोन सांगत. खालचा आकडा माणसाचा राहते बाई, वरचा देवाचा."

गेल्या वर्षी आरोग्याच्या पाहणीसाठी आशाताई वही घेऊन आल्या. मी ओसरीवर उत्तरपत्रिका तपासत बसले होते. सगळे ऐकू येत होते.

"काका, घरात माणसं किती?"

"एक ते दोन."

"म्हंजे?"

"कमीत कमी एक. जास्तीत जास्त दोन."

"काका, माणूस आहे का कांद्याचा भाव? रकान्यात एकच आकडा बसते जी."

"मंग रकाना लहान आहे तुझा."

बऱ्याच वादानंतर आशाताईंनी 'एक' लिहिले. काकांनी ते अक्षर वाकून पाहिले. मग म्हणाले, "पेन्सिलनं लिव."

मी हसले होते. तपासायच्या गठ्ठ्यात तेवढाच एक विनोद होता.

दर माघात, माझ्या अंगणातल्या आंब्याला मोहर आला की काका एका रविवारी सकाळी त्या झाडाखाली खुर्ची मांडतात आणि गल्लीचा वार्षिक अंदाज जाहीर करतात. लग्ने किती, नळाला पाणी किती दिवस, कुत्रीला पिल्ले किती. समोर किराणा दुकानवाले बिसेनभाऊ दोन-चार गिऱ्हाइकांसह उभे असतात. भाऊ गोंदिया शहरात वाढलेले; त्यांची थट्टा हिंदीतच फुलते.

"काकाजी, मेरा वजन इस साल कितना बढ़ेगा?"

"तीन ते पाच किलो. तू दुकानातलं फल्लीदाणं सोडशीन तं दोन."

एका वर्षी त्यांनी माझ्या झाडाला दोनशे ते अडीचशे आंबे सांगितले होते. हाती चाळीस लागले. पुढच्या माघात काकांनी सभेची सुरुवातच खुलाशाने केली: "अनपेक्षित परिस्थितीमुळं मागचा अंदाज साधला नाही."

"कौन सी परिस्थिती?" बिसेनभाऊंनी विचारले.

"वानरं."

"वानर तो हर साल आते हैं, काकाजी!"

"कंपनीबी दरसाल पावसाले अनपेक्षितच म्हणते. तिले कोणी नाही विचारत. मलेच काऊन विचारता?"

ही कंपनी काकांच्या जुन्या खाणीची नव्हे, समुद्रापलीकडची आहे. सोने आणि तांबे काढते. वर्ष सुरू झाले की येत्या वर्षात कोणत्या खाणीतून किती धातू निघेल, खर्च किती होईल आणि हाती काय उरेल, याचा लेखी अंदाज ती जगासमोर ठेवते. जग ते वाचते की नाही, मला ठाऊक नाही. आमगावात तो अंदाज एकच माणूस वाचतो, आणि त्याला इंग्रजी येत नाही.

म्हणून तो कागद माझ्याकडे येतो. "बाई, तुमी कविता शिकवता," काका पहिल्या वर्षी म्हणाले, "त्यापुढं हे सोपंच असन." दिवसभर गोंदियाच्या कॉलेजात अलंकार शिकवून, संध्याकाळच्या गाडीत उभ्याने परतून, अंथरुणाला खिळलेल्या आईला भरवून झाल्यावर मी त्या तीस पानांपुढे बसले आणि थक्क झाले. अपेक्षित आहे, संभवते, अनुकूलता राहिल्यास, विपरीत न घडल्यास. विरहिणींनीसुद्धा इतके जपून बोललेले मी वाचले नव्हते.

काका मात्र खुशीत होते. "अवं बाई, हे तं आपली पैसेवारी!"

धान उभे असताना गावातली जाणती माणसे तलाठ्याबरोबर फिरतात आणि पीक किती येईल ते नजरेने ठरवतात, तिला आमच्याकडे पैसेवारी म्हणतात. काकांचे वडील या कामातले दर्दी होते. त्यांचा एक नियम काकांनी मला त्या दिवशी शिकवला. बांधावर उभे राहून कधी सांगायचे नाही. बांधावरून प्रत्येक धान भरलेलेच दिसते. चिखलात उतरायचे, बांधीच्या, म्हणजे शेताच्या त्या तुकड्याच्या, मध्यापर्यंत जायचे, लोंबी चिमटीत दाबायची. पोचट किती, ते बोटांना कळते.

"या कागदाचं पयलं पान म्हंजे बांध," काका म्हणाले. "मांगच्या पानावर जा. आत उतरा."

मागच्या पानांवर बारीक अक्षरांत एकेका खाणीची हकिगत होती. त्यांतल्या एकाच खाणीचे नाव त्यांना हवे असे. तेवढा परिच्छेद मी दोनदा वाचायचा आणि बाकीचे सोने-तांबे त्यांनी तसेच जमिनीत राहू द्यायचे.

गल्लीत सगळ्यांची खात्री होती की काकांकडे या कंपनीचे शेअर आहेत. "छुपे रुस्तम हैं," बिसेनभाऊ म्हणत. मलाही तसेच वाटे. एकदा मी विचारलेच.

"शेअर?" काका गुंडाचा काठ घासत म्हणाले. "एकबी नाही. माणूस आहे माझा तिथं. तो मात्र एकच. त्याच्यात वरचा-खालचा नाही."

हेमराज, त्यांचा मुलगा, त्या खाणीत अभियंता आहे. सात वर्षांपूर्वी काकूंची तेरवी उरकून तो गेला, तेव्हा आमगावच्या स्टेशनावर म्हणाला होता, "ही खाण आता संपतच आली आहे, बाबा. संपली का मी परत येतो." दर रविवारी त्याचा फोन येतो. मला भिंतीतून फक्त काकांची बाजू ऐकू येते: "हाव. जेवलो. हाव. तू जेवला का? हाव." कधी येतोस, हा प्रश्न त्यांनी विचारलेला मी एकदाही ऐकला नाही.

"कायले विचारू?" ते म्हणाले होते. "पोराले विचारलं तं तो बापाचं मन राखाले खोटं बोलन. कंपनी नाही बोलत. तिले शेअरवाल्याचा धाक राहते."

गेली दोन वर्षे कंपनी एकच सांगत होती: या खाणीत आता एक ते दोन वर्षांचेच काम उरले आहे.

आता त्यांच्या भाताबद्दल सांगते. एकट्या माणसाला एक वाटी तांदूळ पुरतो. काका रोज दोन वाट्या शिजवतात, तेही चिन्नोर. त्याचा सुवास भिंत ओलांडून आला की माझी आई डोळे न उघडता म्हणते, "टेंभऱ्यांकडे पाहुणे आलेत वाटते." पाहुणे कधीच नसतात. उरलेला भात दुसऱ्या सकाळी बिसेनभाऊंच्या म्हशीपुढे जातो. "मेरी भैंस चिन्नोर के बिना मुँह नहीं लगाती अब," भाऊंची तक्रार असते. एकदा मीही म्हटले, काका, एकच वाटी टाका. ते म्हणाले, "न सांगता येणारा माणूस उपाशी ठेवू का?"

यंदाचा अंदाज जाहीर झाला त्या आठवड्यात मी फार थकले होते. आईच्या पाठीला जखम झाली होती आणि दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवावे लागे. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून मी कागद छापून आणले. ते हातात गरम होते आणि त्यांना जळक्या धुळीचा वास होता. दुपारी आईला भरवून, स्वतः उभ्या उभ्या दोन घास खाऊन मी पलीकडे गेले. काकांनी धुतलेला सदरा घातला होता. चुलीवर आधण ठेवले होते.

"जेवून घ्या बाई, मंग वाचू."

"मी जेवून आले, काका."

मी पहिले पान वाचले. सोन्याला भाव चढा, तांब्याला जगभर मागणी, वर्ष भरभराटीचे. काका मान हलवत होते; त्यांना घाई नव्हती. मग मी मागच्या पानावर गेले, आणि तो परिच्छेद मनातल्या मनात वाचला.

खाणीच्या तळाशी, आणखी खोल, नवे तांबे सापडले होते. कंपनीने फार आनंदाने कळवले होते की काम आता पुढची किमान दहा वर्षे चालेल. एवढ्या पानांत हे एकच वाक्य असे होते, ज्यात कसलीही शक्यता, कसलीही अनुकूलता नव्हती.

मी थकले होते, हे कारण म्हणून सांगत नाही. पण त्या क्षणी मला वाटले, एका इंग्रजी वाक्याशी माझी निष्ठा ती किती असावी? मी म्हणाले, "काम अजून थोडे चालेल म्हणतात. एक-दोन वर्षे. तीन धरा."

काकांनी माझ्या हातातला कागद घेतला, त्या ओळींवर अंगठा फिरवला आणि तर्जनी त्याखाली धरून किंचित दाबले.

"बाई," ते हळूच म्हणाले, "तुमी बांधावरून सांगून राहिल्या."

मग मी खरे सांगितले.

"दहा," ते म्हणाले. "कमीत कमी?"

"कमीत कमी."

"आन वरचा?"

"वरचा दिलेला नाही, काका."

ते उठले. भिंतीवरच्या काकूंच्या फोटोची काच त्यांनी सदऱ्याच्या बाहीने पुसली. ती स्वच्छच होती. "चांगलं झालं," ते फोटोला म्हणाले की मला, कळले नाही. "पोराची नौकरी पक्की झाली. नाहीतं कोठं फिरला असता दारोदार." आणि मग, "मी आता चौऱ्याहत्तर ते शहात्तर." त्यांनी मनातल्या मनात दोन्हीत दहा मिळवलेले मला दिसले.

आधण उकळू लागले होते. काका तांदळाच्या डब्याकडे गेले, वाटी भरली, आणि ती हातातून निसटून सारे दाणे शेणाने सारवलेल्या भुईवर पांढऱ्या चांदण्यांसारखे सांडले. ते वेचायला वाकू लागले. मी त्यांना धरून पाटावर बसवले आणि डबा माझ्याकडे ओढला. चिन्नोरचा कोरडा, गोडसर गंध वर आला. पलीकडे आईला कुशीवर वळवायची वेळ होत आली होती.

वाटी डब्यात बुडवून मी थांबले. मागे न पाहता विचारले, "काका, किती टाकू?"

खालचा आकडा मी मनात धरूनच ठेवला होता. गल्लीतून कुणाची तरी मोटारसायकल आली, दाराशी मंदावली आणि पुढे निघून गेली. तिचा आवाज पुरता विरेपर्यंत काका दाराकडे पाहत राहिले. मग त्यांनी सांगितले.

"दोन."