लांजेवार गुरुजींचा अर्धा ससा

लांजेवार गुरुजींनी जन्मभर पोरांना ससाच काढायला शिकवलं, आणि एकही ससा पुरा होऊ दिला नाही.

पहिलीच्या वर्गात, भिंतीवर, पांढऱ्या मातीनं. पहिल्या दिवशी फक्त कान. "कान पयले. आपून आलो हे त्याले ऐकू आलं पाह्यजे." पोरं आपापल्या पाटीवर कान काढायची. मग पाठ, मग पोट, मग पाय, दिवसाला एक अवयव. पाय झाले की पोरं डोळा मागायची आणि गुरुजी हात झटकत उभे राहायचे. "उद्या. डोळा देल्ला का पळते तो." उद्या मिशा निघत. परवा सशासमोर गवताची काडी उगवे. त्यानंतर शेपूट पुसून पुन्हा काढावी लागे, कारण गुरुजींच्या मते ती बरोबर हलत नव्हती. डोळा आपला उद्यावर.

मी नागपूरहून मास्तरकीचं प्रमाणपत्र घेऊन कुरखेड्यापुढच्या त्या गावात उतरलो होतो. तेव्हा तो चांदा जिल्हा. शाळेत दोनच मास्तर. पहिली-दुसरी गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. म्हाताऱ्याला डोळा जमत नसावा असं माझं मत झालं, आणि मदत करू का असं मी विचारलंही. त्यांनी मला खालून वर पाहिलं. "मास्तर, जरा मोह पडू द्या," म्हणाले आणि पान लावायला बसले.

मोहाची फुलं पडू लागली आणि मला उलगडा झाला. त्या दिवसांत अख्खं गाव पहाटेपासून टोपल्या घेऊन झाडांखाली. फुलं वेचायची, वाळवायची, त्यावर पुढं पावसाळा काढायचा. माझे दोन्ही वर्ग त्यात विरघळले. मी आशिया खंडातल्या नद्या शिकवत होतो आणि ऐकायला दारात एक शेळी होती. शेजारी मात्र पहिलीचा वर्ग भरलेला. ससा आज कुठवर आला ते बघायला पोरं झाडाखालून थेट पळत येत.

ते भरलेपण गुरुजींना हवंच होतं. मोहाच्या दिवसांत वर्ग ओस दिसला तर पहिली बंद करीन, असं डिप्टी साहेब गेल्या तपासणीत बजावून गेले होते. गुरुजी मूळचे सावली गावचे. बायको कधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. चूलसुद्धा शाळेच्या पडवीत.

एके दिवशी त्यांना कामासाठी कुरखेड्याला जावं लागलं. जाताना वर्ग माझ्यावर सोपवून म्हणाले, "सस्याले हात लावू नका."

आता असं सांगितल्यावर माझ्यासारखा माणूस दुसरं काय करणार? मी आधी फळ्यावर प्रशिक्षणातला ससा काढला. मोठा गोल, त्यावर लहान गोल, वर कान. पुढं बसलेली सुकरी म्हणाली, "गाडग्यावर गाडगं ठेवलं जी." मी म्हटलं, मग तुम्ही काढा, तुमच्या मनानं. पाट्या वर आल्या. प्रत्येक पाटीवर ससा चारी पाय बांधून काठीला उलटा लटकलेला. बिचाऱ्यांनी शिकारीहून घरी आणलेला ससा तसाच पाहिलेला. एकानं बाजूला मिरच्याही काढल्या होत्या.

माझा धीर सुटला. जिवंत ससा कसा असतो हे दाखवायला मी भिंतीकडे गेलो आणि गुरुजींच्या सशाला डोळा काढला. गोल, पाणीदार. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"झाला," सुकरी शांतपणे म्हणाली आणि पाटी उचलली.

दुसऱ्या दिवशी वर्गात शेळीसुद्धा नव्हती.

गुरुजी आले, भिंतीपुढं उभे राहिले. मी शिव्या खायला तयार होतो. "डोळा चांगला काढला," ते म्हणाले. "पन पळाला ना." मग टोपी घातली. "चला, धरून आनू."

मोहाखालची जमीन पाला जाळून साफ केलेली होती. सुकरीची आई मान खाली घालून वेचत होती. पोरगी चार दिवस आली नाही तर शाळा कुठं जात नाही, पण फुलं मातीत जातात, असं तिनं ऐकवलं. गुरुजी उकिडवे बसले, काडीनं राखेत दोन इवलेसे कान काढले. "सस्याले पिल्लू झालं. बाकीचं शाळेत." पोरं गोळा झाली, पण आयांकडे बघत उभी राहिली. तेव्हा गुरुजी सुकरीच्या टोपलीत फुलं वेचून टाकू लागले.

"गुरुजी," सुकरीची आई म्हणाली, "लोकायच्या झाडाखाली कोनी वेचत नाई. ज्याचं घर त्याचं झाड. तुमचं झाड कुठी हाय?"

गुरुजींची मूठ तशीच राहिली. "मले कुठचं झाड, बाई," ते म्हणाले, आणि मुठीतली फुलं एकेक करून परत जमिनीवर ठेवू लागले. मी उगीच झाडाकडे पाहत राहिलो.

सुकरीनं पायाच्या अंगठ्यानं राखेत एक रेघ ओढली आणि टोपली रेघेपलीकडे, गुरुजींपुढं सरकवली. "इतकं झाड तुमचं. हे आमचं."

आईनं मान वर करून रेघ पाहिली. "वेचा मंग," ती म्हणाली. "टोपली भरली का घेऊन जा तिले. उद्या लवकर या पन."

ते पाहून बाकीच्या आयांनीही पोरं सोडली. मोह संपेपर्यंत आम्ही दोघं रोज पहाटे तिथं वाकलेले असायचो. माझी कंबर त्या मोसमातून अजून सरळ झालेली नाही. डिप्टी साहेब आले तेव्हा वर्ग भरलेला होता. दोन्ही मास्तरांच्या धोतरांना मोहाचा वास कसा, एवढंच त्यांनी विचारलं, तेही माझ्याकडे पाहून.

पण त्या पहिल्या दिवशी परतताना पोरं पुढं पळत होती. शाळा दिसू लागली तसे गुरुजी थांबले, टोपी काढली, पुन्हा घातली.

"मास्तर," ते म्हणाले, "मले झाड भेटलं."