तोबेचे मानवतकर चाहते

भुजंगच्या दारावर पाटी होती : 'गुप्तहेर. आवाज न करता घंटी वाजवा.' स्वतःच्या माहितीप्रमाणे भुजंग हा मराठवाड्याचा तिसरा डोळा होता. पहिल्या दोन डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा होता, ती गोष्ट वेगळी. अख्खं मानवत त्याला गुप्तहेर म्हणून ओळखत होतं, एवढीच काय ती धंद्यातली अडचण.

त्या सकाळी किराणा दुकानवाले महालिंगअप्पा लेकीचा मोबाईल हातात धरून आले. मागून लेक शिवरंजनी, रडवेली.

"भुजंगराव, हा चिनी पोट्टा कोण हाय?"

"जपानी हाय, बाबा," शिवरंजनी म्हणाली. "हारुकी तोबे. फुटबॉल खेळतो म्हणं. आईशप्पथ, मी न्हाई बघितलं याला!"

"मंग तुझ्या मोबाईलवरून त्याला बदाम कसे जायलेत? भुजंगराव, आज उलगडा झाला न्हाई तर हिचं परभणीचं कॉलेज बंद!"

भुजंगनं मोबाईलवर भिंग धरलं. तोबे संघातला बदली खेळाडू. जपानातही फारसं कुणी विचारत नसावं. पण एका फोटोखाली चाहत्यांची जत्रा भरली होती. वालूर, पिंगळी, मानवत! 'लय गुणाचं लेकरू.' 'उंची किती?' 'घरची शेती हाय का?'

"सांकेतिक भाषा!" भुजंग कुजबुजला. "उंची म्हणजे ड्रोन. शेती म्हणजे... शेतीच. लय खोल कट हाय."

"साहेब, पोरीला झोपेत बोटं चालवायची सवय असंल," त्याचा मदतनीस ओमप्रकाश जांभई देत म्हणाला. भुजंगनं तीही शक्यता गंभीरपणे विचारात घेतली.

दुपारी दोघांनी पिंगळी स्टेशनवर पाळत ठेवली. फुटबॉलचा टीशर्ट घातलेला एक इसम धरला. तो शेळी विकायला चाललेला निघाला. भुजंगनं शेळीचीही उलटतपासणी घेतली. ती काही फुटली नाही.

संध्याकाळी भुजंगनं अप्पांच्या घरी सगळ्यांना गोळा केलं.

"गुन्हेगार याच खोलीत हाय!"

"असणारच," ओमप्रकाश म्हणाला. "चहा इथंच मिळणार हाय."

तेवढ्यात शिवरंजनीची आई उमादेवी चहा घेऊन आली. पूजा आटोपून, कपाळाला ठसठशीत भस्म. तिनं भुजंगच्या हातातल्या मोबाईलवरचा फोटो पाहिला आणि झटकन डोक्यावर पदर घेतला.

"अगंबाई! जावयाचा फोटो चव्हाट्यावर कशाला आणला?"

"कुणाचा जावई?" अप्पांनी विचारलं.

"समाजाच्या वधू-वर ग्रुपवर वालूरच्या मावशीनं टाकला की! कपाळ बघा जरा. भस्माचे तीन पट्टे! आजकालची पोरं भस्म लावायला लाजतेत. हे लेकरू लावून खेळतंय. सगळ्या आयांनी पोरींच्या मोबाईलवरून विचारपूस केली, मी बी केली, वर बदाम धाडले. उत्तर एक न्हाई. मुलाकडच्यांचा ताठा, दुसरं काय!"

शिवरंजनीनं मोबाईल घेऊन फोटोतल्या सामन्याचा व्हिडिओ लावला. तोबे घसरला, हात मैदानावरच्या पांढऱ्या रेघेत माखला, आणि उठता उठता त्यानं तीन बोटांनी कपाळावरचा घाम पुसला.



"मला पहिल्यापासून चुन्याचाच संशय होता," भुजंग म्हणाला.

अप्पांनी मोबाईल घेऊन फोटो जवळून न्याहाळला. मग त्यांनी मोबाईल लेकीच्या हातात ठेवला.

"जा बाई कॉलेजला." त्यांनी वाकून फोटोवर परत एक नजर टाकली. "पट्टे मात्र सरळ ओढलेत पोरानं. तिथं कुणी जपानी शिकवत असंल, तर शिकून तेवढी त्याची उंची विचारून घे."