सासऱ्यांचं अत्तर

नाकाच्या बाबतीत मी कुणालाही हार जाणार नाही! वाशीच्या फळबाजारात मी मापाडी. हापूसची पेटी उघडावी लागत नाही मला. नुसतं पेंढ्याला नाक लावतो आणि सांगतो, ही परवा पिकेल, हिला आठवडा आहे, आणि हिच्या खालच्या थरात एक नासका बसलाय! शेठ म्हणतात, "सयाजी, तुझ्या नाकाचा विमा उतरवायला पाहिजे."

तर सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यात या नाकानं आमच्या विजयमालेपुढे हात टेकले, त्याची ही गोष्ट.

विजयमालेचे वडील म्हणजे माझे सासरे. तंबूतल्या सिनेमाचे मशीनवाले. साताऱ्याकडच्या जत्रा त्यांनी उभी हयात उजळल्या. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि बाईनं सिनेमाच सोडला. टीव्हीवर सिनेमा लागला की ही उठून स्वयंपाकघरात. त्या दिवशी तांदूळ निवडता निवडता मात्र गुणगुणत होती,

"सांगून धाडिते गं, माळावरल्या वाऱ्याला,
बापाच्या बोटांचा, वास आण माज्या दाराला."

आमच्या जुईनगरच्या दाराला तर समोरच्या गटाराशिवाय कसलाच वास नाही. मी विचारलं, "अगं, झालं काय?"

"फोटोत बाबांचा चेहरा हाय. आवाज कानात हाय. पर त्यांच्या बोटांना वास यायचा, त्यो मी इसरायला लागलेय. काल दिसभर आठवला, आला न्हाई."

"कसला वास?"

"सिनेमाचा."

"सिनेमाला कुठं वास असतो?"

"माज्या बापाच्या सिनेमाला हुता!"

खेळ संपवून सासरे घरी यायचे आणि निजलेल्या पोरीच्या गालावरून बोट फिरवायचे. गोड वास यायचा म्हणे. पार पिकून काळ्या पडलेल्या केळ्यासारखा, पण डोळ्यांत झोंबणारा. सासूबाई म्हणायच्या, तुझ्या बापाला अत्तराचा नाद! पोरीला ते खरंच वाटलं. तंबूत बायका-पोरी पडद्याजवळ एका अंगाला, मशीन पार मागं. तिकडं फिरकायची बंदी.

केळं! अहो, म्हणजे माझंच खातं की! मी छाती फुगवून म्हटलं, "सोड माझ्या नाकावर!"

रविवारी उरणची एस.टी. पकडली. तिथं बाजारात मुस्तफाभाईंचं अत्तराचं दुकान. दुकान कपाटाएवढं, पण वास अख्ख्या आळीत.

"मुस्तफाभाई, सिनेमाचं अत्तर द्या!"

"हिरॉइनचं देऊ की व्हिलनचं?"

"मशीनवाल्याचं. केळ्यासारखं. झोंबणारं."

मुस्तफाभाईंनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "चाळीस वर्षं अत्तर विकतोय, सयाजीभाऊ. लोकांनी गुलाब मागितला, केवडा मागितला. केळं मागणारे तुम्ही पहिले!"

पण माणूस जिद्दीचा. त्यांनी माझ्या दोन्ही कानांत फाये खोवले. मनगटं झाली, कोपरं झाली, हात संपले तेव्हा कॉलर धरली! परतीच्या गाडीत कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता विचारलं, "नवरदेव, वऱ्हाड मागच्या गाडीनं येतंय का?"

घरी विजयमालेनं मला बाजारातल्या मिरचीसारखं हुंगलं. "ह्यो लग्नातला. ह्यो उरुसातला. ह्यो आमच्या तालुक्याच्या वकिलाचा." शेवटच्या फायापाशी मात्र तिचा चेहरा क्षणभर थांबला. पाण्यात काहीतरी चमकावं आणि बुडावं, तसा. मग म्हणाली, "न्हाई. बाबांचा वास असा नटलेला नव्हता."

त्या एका थांबलेल्या क्षणापायी मी आणखी तीन रविवार उरणला घातले! चौथ्या खेपेला मुस्तफाभाईंनी हिना, केवडा आणि कुल्फीवाल्याकडून आणलेला केळ्याचा अर्क असं मिसळून एक बाटली माझ्या हातात ठेवली.

"वास एकटा येत नाही, सयाजीभाऊ," ते हळू आवाजात म्हणाले. "त्याला त्याची जागा लागते. पडदा पाहिजे, अंधार पाहिजे, माणसं पाहिजेत. तिथं सोडा. पण दोन थेंब हं! तिसरा टाकलात तर मी तुम्हाला ओळखत नाही!"

आणि योग बघा! पुढच्याच शनिवारी आमच्या सोसायटीचा सत्यनारायण. पूजेनंतर मैदानात पडदा लावून सिनेमा, सिनेमानंतर प्रसाद. सेक्रेटरी कमळाकररावांनी बोनकोड्याचे म्हातारे भगवान मशीनवाले ठरवले होते. बायकांच्या बाजूला, मशीनजवळ, एक कपाटाएवढा कूलर ठेवला होता. कूलर बघितला आणि माझ्या डोक्यात दिवा पेटला. विजयमाला तयार होईना, तेव्हा मी म्हटलं, "चल तर खरी. तुझ्या बापाचा वास आणून देतो." तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं.

दिवे गेले. सिनेमा सुरू झाला. मी वाकून वाकून कूलरमागं गेलो. बाटलीचं बूच निघेना. दातांनी ओढलं. फट्! बूच माझ्या तोंडात आणि अख्खी बाटली कूलरच्या पाण्यात!

पडद्यावर नायिकेची आई शेवटचे श्वास घेत होती. आणि मैदानावर केवडा आणि पिकल्या केळ्याचा असा लोट सुटला, की मेलेली सुद्धा ताट घेऊन उठली असती! मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, प्रसाद सुटला वाटतं!"

झालं! मरणाऱ्या आईला तसंच टाकून चार माणसं उठली. चाराची चाळीस झाली. मांडवाकडं रांग लागली. कमळाकरराव माईकवर धावले. "टेन्शन नका घेऊ! प्रसाद अजून चालू नाय! बसून घ्या सगळे!" पण आता खुद्द सेक्रेटरी प्रसादावर बोलतोय म्हटल्यावर उरलेलेही उठले! त्या रेटारेटीत कुणाचा तरी पाय मशीनच्या टेबलाला लागला. खट्ट! फिल्म तुटली. पडदा पांढराफटक. आईला तेवढंच जीवदान मिळालं.

"कोनी लात मारली रं?" भगवानकाका गरजले. मग पुटपुटत त्यांनी टॉर्च पेटवली, फिल्मची दोन टोकं पात्यानं खरवडली, खिशातून बोटभर बाटली काढली आणि झाकण उघडलं.

विजयमाला लोकांबरोबर उठली होती, टेबलाशेजारूनच चालली होती. थबकली. वासरू गोठ्याच्या वाटेला वळतं तशी वळली. माझ्या नाकाला केवड्याशिवाय काही कळत नव्हतं, म्हणून मी नुसता बघत राहिलो.

"काका, त्या बाटलीत काय हाय?"

"गोंद हाय पोरी. फिल्म जोडाचा."

तिनं त्यांचं बोट धरलं. परक्या म्हाताऱ्याचं बोट! गालाला लावलं, डोळे मिटले. मग खांदे हलायला लागले. "बाबा," एवढंच म्हणाली.

भगवानकाका गडबडले. माझ्याकडं बघायला लागले. मी जवळ जाऊन सांगितलं, "तिचे वडील मशीनवाले होते. त्यांच्या बोटांना हाच वास यायचा. रोज."

"रोज?" काकांच्या भुवया वर गेल्या. "म्हंजे पोरी, तुज्या बापसाची फिल्म रोज तुटाची! चांगल्या मशीनवाल्याचे बोटाला ह्यो वास महिन्याला एकदा!"

मला वाटलं, आता आकाश कोसळणार. पण विजयमाला रडता रडता फसकन हसली. "तुटायची! खरंच तुटायची! सारा तंबू शिट्ट्या मारायचा! आन् बाबा घरी येऊन सांगायचे, पब्लिक लई खूष हुतं!" दोन वर्षांत पहिल्यांदा तिला अशी हसताना बघत होतो. हसता हसता ती तिथंच मशीनच्या टेबलापाशी मातीत बसली.

फिल्म जोडली गेली. आई पुन्हा मरायला लागली. माणसं हात हलवत, कमळाकररावांना शिव्या घालत जागेवर आली. विजयमालेनं एकदाही पडद्याकडं बघितलं नाही. मशीनच्या फिरत्या चाकाकडं बघत राहिली. पुन्हा एकदा तुटावी, म्हणून! खरं सांगतो, मीही मनातल्या मनात तेच मागत होतो. दीड तास! पण भगवानकाकांचा हात कसबी. फिल्म शेवटपर्यंत अखंड चालली, आणि असल्या कसबाचा राग आलेली आम्ही दोघंच माणसं त्या मैदानात असू!

मध्येच काकांनी बाटलीचं झाकण काढून तिच्या तळहातावर ठेवलं. तिनं पदराआड मूठ धरून ते नाकाशी नेलं. मला भरून आलं. मी हळूच तिच्याजवळ सरकून बसलो, खांद्याला खांदा लावला.

ती डोळे न उघडता म्हणाली, "अहो, जरा लांब बसा. बाबांना तुमच्या केळ्यांचा वास लागतोय."