आखात बघून वरण लावणारे भोईरकाका

आमच्या इमारतीत आज कुणाच्या घरी काय शिजावं, हे भोईरकाका ठरवतात. आणि भोईरकाका ते आखाताकडे बघून ठरवतात.

यात मी पदरचं काही घालत नाहीये. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात आमची चार मजली सोसायटी, वीस बिऱ्हाडं. जिन्याखाली एक फळा आहे. तो पाणी कधी जाणार हे लिहायला लावलेला. काकांनी तो केव्हाच ताब्यात घेतला. सकाळी मी उल्हासनगरला कामाला निघते तेव्हा वाचायला मिळतं : ‘मस्कतजवळ दोन जहाजं उभी. राजमा नको. वरण-भात एकाच कुकरात.’ खाली सही : दा. भोईर, निवृत्त बॉयलर अटेंडंट.

काका मूळचे इथलेच, आगरी. जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा त्यातल्याच एकीत तळमजल्यावर त्यांना घर मिळालं. आयुष्य मात्र त्यांनी अंबरनाथच्या एका कारखान्यात बॉयलर पेटवण्यात घालवलं. तेलाचा टँकर उशिरा आला की बॉयलर थंड आणि अख्खी शिफ्ट बाहेर बिड्या ओढत उभी, हे त्यांनी इतक्या वेळा पाहिलं की इंधन या वस्तूवरचा त्यांचा विश्वासच उडाला. “गॅस काय तुझ्या भिंतीतून येतंय का, वैशाली?” ते मला विचारतात. “हुर्मुजमधून येतंय. एवढीशी गल्ली हाय समुद्राची. आपल्या स्टेशनच्या पुलावर दोन म्हशी आडव्या उभ्या राहिल्या तर काय होईल? तसा!”

होर्मुझची सामुद्रधुनी मला पहिल्यांदा समजली ती अशी, म्हशींमधून.

मोबाइलवर त्यांना जहाजं दिसतात. नकाशावर बारीक बारीक बाण सरकत असतात, त्यातला प्रत्येक बाण म्हणे एक जहाज. त्यांची परदेशी नावं काकांच्या तोंडात बसेनात, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली : चंपा, गोदा, थोरली ठमी. एकदा ते जिन्यात कुणालातरी सांगत होते, “चंपा निघाली कतारवरनं. जड हाय बिचारी, हळू येतंय.” नव्यानेच राहायला आलेल्या वहिनींनी काळजीने विचारलं, “किती दिवस राहणार आहेत हो चंपाताई?”

“दोन दिवस. रिकामी झाली की लगेच परत.”

वहिनी पुढचे आठ दिवस त्यांच्या दाराकडे बघत होत्या.

संध्याकाळी काकांची फेरी निघते. दार उघडं दिसलं की आत डोकं. “काय लावलंय? छोले? भिजवलेले की नाय? प्रेशर बघ, प्रेशर!” संकष्टीला माझ्या सासूबाई मोदक उकडत होत्या, तर हे घड्याळ घेऊन दारात उभे. सासूबाईंनी शेवटी हातात मोदक ठेवला तेव्हा हलले. आमचे सेक्रेटरी सावंत दर सोमवारी फळा पुसायचे आणि काका दर मंगळवारी तो पुन्हा लिहायचे. त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

आणि मग एक दिवस खरंच गल्लीत म्हशी आडव्या आल्या. 

तिकडे युद्ध पेटलं, जहाजं थांबली. टीव्हीवर सगळं काही ठीक असल्याचं सांगू लागले, म्हणजे नीट नव्हतं. आमचा सिलिंडर नोंदवून दहा दिवस झाले तरी गाडी येईना. एजन्सीसमोर रांग लागली. उल्हासनगरला मी काम करते त्या कॅम्प पाचच्या दुकानासमोर पकवान तळणाऱ्याने कढई पालथी घातली आणि आमचे शेठ दुपारभर उदास बसले. तिथल्या बाजारात इंडक्शन शेगडी औषधालाही मिळेना. मिळाली असती तरी बदलापूरची वीज तिला कितीशी साथ देणार होती म्हणा!

त्या आठवड्यात सावंतांनी फळा पुसला नाही. उलट स्वतः काकांच्या दारात गेले. “भोईर, काय करायचं आता?”

काकांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. इतका वेळ पुसला की सावंतांना दोनदा खाकरावं लागलं. मग फळ्यावर योजना आली : दोन घरांनी एका शेगडीवर शिजवायचं. एकाचा गॅसचा बाटला संपला की दुसऱ्याचा लावायचा. जोड्या काकांनी लावल्या, आणि काय लावल्या! सावंतवहिनी आणि दुसऱ्या मजल्यावरच्या कांबळेवहिनी कपडे वाळत घालायच्या दोरीवरून सहा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. त्यांची जोडी पहिली. सुकट सोडून दुसरं न आवडणारे म्हात्रे गेले लसूणही न खाणाऱ्या जोशांकडे.

“काका, मुद्दाम केलंत ना?” मी विचारलं.

“कारखान्यात एका बॉयलरवर दोन खाती चालतात की. प्रेशर सारखा ठेवला म्हणजे झाला.”

पहिले दोन दिवस इमारतीत नुसता वाद शिजला. तिसऱ्या दिवशी सावंतवहिनी कांबळेवहिनींच्या भाकरीची तारीफ करत जिना उतरल्या. पुढे गॅसच्या गाड्या सुरळीत झाल्या तरी त्या दोघी रविवारी एकत्रच रांधतात. दोरीसुद्धा आता एकच आहे. जोशांच्या घरी मात्र अजून उदबत्ती जास्त लागते.

पण माणसाचं मन बघा. टंचाईचा पंधरवडा सरला, बाटले रिकामे व्हायला लागले, आणि कुणाच्या तरी लक्षात आलं की यादीत एकोणीसच घरं आहेत. एका ठिकाणी काकांनी तीन घरं एकत्र घातली होती, पण स्वतःचं नाव कुठेच नव्हतं. त्यांच्याकडे तर दोन बाटले. बायको जाऊन दोन वर्षं झालेली, माणूस एकटा.

“आपल्याला राजमा नको म्हणून सांगायचं आणि स्वतः दोन सिलिंडर दडपून बसायचं!” सावंत म्हणाले. म्हात्रे म्हणाले, “विचारायलाच पाहिजे.” मला ते आवडलं नाही, पण आमच्या जोडीतला दुसरा बाटलाही सकाळीच फुरफुरून संपला होता. खोटं कशाला सांगू, मीही त्यांच्या मागोमाग गेले.

काकांनी दार उघडलं. सावंतांनी घसा साफ केला, बाकी काही केलं नाही. शेवटी मीच म्हणाले, “काका, आमचा गॅस संपला.”

“मग आधी का नाय बोललीस? दोन हायेत आत. घेऊन जा.”

आम्ही स्वयंपाकघरात गेलो. एका बाटल्याचं सील तसंच होतं. दुसरा म्हात्र्यांनी हलवून बघितला, तोही भरलेला. शेगडीवर वर्तमानपत्र घातलेलं, त्यावर धूळ. नळी काढून खिळ्याला टांगलेली. ओट्यावर चहाची विजेची किटली, कुरमुऱ्यांची पिशवी आणि बिस्किटांचे पुडे. बाकी भांडी मांडणीवर पालथी, ओळीने, कुणीतरी शेवटची घासून ठेवल्यासारखी.

“काका, तुम्ही जेवता कुठे?”

“स्टेशनजवळ पोळीभाजीवाली हाय ना.”

“ती तर बंद आहे. गॅस नाही म्हणून. आठ दिवस झाले.”

“नऊ,” काका म्हणाले.

सावंत उगाचच नळी खिळ्यावर नीट टांगू लागले.

“मग यादीत का नाही घातलंत स्वतःला?”

“मी काय आणणार जोडीत? बॉयलर जन्मभर पेटवला, पन वरण नाय येत मना करता.” ते हसले. मग वर्तमानपत्राची घडी सारखी करत, आमच्याकडे न बघता बोलले, “ही रोज सकाळी इचारायची, आज काय करू? रोज. मी पेपर वाचत बोलायचो, काय पन कर. चाळीस वर्षं काय पन कर. आता कोन इचारत नाय. मग मीच तुमच्याकडे येऊन इचारतंय, काय लावलंय, काय लावलंय. कुनाच्या तरी घरात काय शिजतंय ते कळला म्हणजे बरा वाटतं.”

म्हात्र्यांनी बाटला उचलला, तो अर्ध्या जिन्यात पुन्हा खाली ठेवला आणि नाक पुसलं. धूळ होती म्हणाले.

मी घरी जाऊन सासूबाईंना सगळं सांगितलं.  गुडघे दुखत असतानाही त्या तीन जिने उतरून गेल्या आणि काकांच्या दारात उभ्या राहिल्या.

“भाऊजी, जेवायला काय करू?”

इमारतीला दोन वर्षं जेवण सांगणारा माणूस पायातल्या सपातांकडे बघत राहिला. मला वाटलं, आता म्हणणार, काय पन करा.

“वालाचा बिरडा,” काका अगदी हळू म्हणाले. “जमला तर.”

“अहो, वाल भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे. दोन दिवस लागतील. आज पिठलं करते, बिरडं परवा.”

“परवा चालंल,” काका म्हणाले. “मी थांबतंय ना.”

त्या परवाच्या सकाळी मी कामाला निघाले, तेव्हा काका आमच्या घरी जमिनीवर मांडी घालून बसले होते. पुढ्यात परात, परातीत पाणी, पाण्यात मोड आलेले वाल. सासूबाई एक सोलून दाखवत होत्या आणि काका अंगठ्याने दाबत होते. दोन वाल निसटून कपाटाखाली गेले.

“हळू, भाऊजी,” सासूबाई म्हणाल्या. “घाई नाही कुणाला.”