वीस जमल्याशिवाय नाही

गांगुर्डे चहा प्यायचे तो एका बैठकीला चार कप. तल्लफ आली की दाबायची, चौथ्या तल्लफेला उठायचं. "चार हेलपाटे कशाला? जमू द्या!" म्हणायचे.

ऐंशीनंतरची गोष्ट. ओझरच्या रस्त्यावरच्या एका कारखान्यात, कॉम्प्युटरच्या खोलीत, जुन्या फायली टेपवर उतरवून ठेवणं हे आम्हा दोघांचं काम. नोंदी एकेक करून लिहिल्या तर टेप वाया जाते आणि मशीन धक्के खातं. म्हणून वीस नोंदी साठवायच्या, त्यांचा एक ब्लॉक करायचा आणि तो एकदम लिहायचा. फाईल संपताना नोंदी कमी पडल्या तर उरलेल्या जागेत शून्यांची भरती घालायची; वाचताना ती सोडून दिली जाई. हे सगळं मशीन आपोआप करी. गांगुर्ड्यांनी मात्र ते घरी नेलं.

वीस जिन्नस झाल्याशिवाय ते किराण्याच्या दुकानाची पायरी चढत नसत. एकदा घरातलं मीठ संपलं तेव्हा यादी अठरावर अडली होती. बायकोने चार दिवस शेजारून मीठ आणलं, पाचव्या दिवशी चिडून यादीत उंदरांचे दोन सापळे लिहिले. घरात उंदीर नव्हता.

आम्ही हसायचो. त्यांची एकुलती लेक शोभा मात्र हसत नव्हती. ती सटाण्याला दिलेली. तिला पत्र जायचं तेही वीस बातम्या जमल्यावरच. दोन दिवाळ्या ती माहेरी आली नाही. 'बाबांना माझ्याशी बोलायचंच नसतं,' असं तिने आईला कळवलं होतं.

"अहो, दोन ओळी टाका की तिला!" मी म्हणालो.

"अकराच झाल्यात, जाधव."

"मग शून्यं भरा."

"ती फाईल संपल्यावर भरतात. लेकीची फाईल संपवू का मी?"



तिसरी दिवाळी तोंडावर आली तेव्हा त्यांनी माझ्यापुढे आंतर्देशीय पत्र ठेवलं. "मोजा. वीस आहेत ना?"

पहिल्या अकरा ओळींत आईचा गुडघा, सायकलचं नवं टायर, शेजाऱ्यांची म्हैस असं काहीबाही होतं. बारा ते वीस एकच ओळ नऊ वेळा होती: शोभा, तू ये.

"हे काय?"

"भरती आहे," ते टेपकडे बघत म्हणाले. "वाचणारा सोडून देतो ती."

शोभाने सोडली नाही. आठवड्यात कार्ड आलं, त्यात एवढंच: 'बाबा, शनिवारी दुपारच्या गाडीने येते.'

शनिवारी गांगुर्ड्यांनी सकाळीच चहा मागवला, एकच कप, आणि तो अर्धा टाकून स्टँडवर पळाले.