बँकॉकपर्यंतचा केर

चिवड्यासाठी आणलेली मुरमुऱ्यांची मोठी पिशवी नरहररावांच्या हातून फाटली, आणि तेलीबांधा वस्तीतल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात जाईचा सडा पडावा तसा बैठकभर मुरमुऱ्यांचा सडा पडला. वर पंखा सुरू होता. त्यानं उरलेले कोपरेही भरून काढले.

विजयाबाईंनी पंखा बंद केला, केरसुणीकडे पाहिलं, पण हात लावला नाही. मुलगा विहंग काल रात्रीच्या गाडीनं कलकत्त्याला गेला होता आणि आज दुपारी तिथून विमानानं बँकॉकला जायचा होता. या दारातून निघालेलं माणूस पोचेपर्यंत घरात केर काढायचा नाही, वाटेवरची त्याची पावलं पुसली जातात, असं सासूबाई सांगून गेल्या होत्या.

"चारले अभनपूरचे पाहुणे येऊन राहिले गंधालीले पाहाले," विजयाबाई म्हणाल्या. "विमान कवा पोचते?"

नरहरराव रेल्वेतून निवृत्त झालेले. तिकिटाची नक्कल डोळ्यांजवळ धरून म्हणाले, "एकले सुटते, पाचले पोचते. चार घंटे."

"पापा, सोला सौ किलोमीटर है," गंधाली इथल्या पोरांसारखी हिंदीत म्हणाली. "ढाई घंटे से ज्यादा नहीं लगता."

"मंग उरलेला दीड घंटा टेसनाबाहेर आउटरले उभं करत असतीन. सिग्नल भेटल्याबिगर कोणी कोणाले आत घेत नाही, पोरी."

विजयाबाईंना हे पटलं. आयुष्यभर त्यांनी आउटरवरच्या गाड्यांतून उतरणाऱ्यांचीच वाट पाहिली होती.

मग तिघं गुडघ्यांवर बसून मुरमुरे वेचू लागली. पण बोट लागलं की मुरमुरा पुढं पळे. एक टोपलं भरलं, तरी सडा तसाच. शेवटी विजयाबाईंनी त्यावर पाहुण्यांची सतरंजी अंथरली.

तासाभरावरच्या अभनपूरहून शांताबाई आणि त्यांचा मुलगा निरंजन वेळेवर आले. शांताबाई बसल्या. कुर्रर्र. निरंजननं चहाचा कप घ्यायला हात पुढे केला. कुर्रर्र. गंधाली पोह्यांची बशी घेऊन आली, ती तर पावलोपावली वाजत आली. आणि मग कुणीच हलेना.

"वहिनी, तुमची सतरंजी बोलते," म्हणत शांताबाईंनी कोपरा उचलला.

विजयाबाई पुढे सरसावल्या. इतकं चांगलं स्थळ, आणि सगळं मुरमुऱ्यांत जाणार. "पोट्टा हवेत आहे, बाई," त्या कशाबशा म्हणाल्या. "तो पोचल्याबिगर झाडू कसं?"

तेवढ्यात फोन वाजला. विहंगच होता. "आई, साडेतीनलेच उतरलो. सिम आता सुरू झालं."

"तिकिटावर तं पाच आहे."

"ते इथले पाच. इथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड घंटा पुढं आहे."

सगळ्यांनी नरहररावांकडे पाहिलं. नरहरराव बंद पंख्याकडे पाहू लागले.

शांताबाई हसता हसता डोळे पुसू लागल्या. "हा निरंजन पुण्याले गेला होता, तवा म्या दोन दिवस केर नाही काढला. शेजारीण नाक मुरडत होती. मले अशीच पोट्टी पाहिजे, माणूस पोचेलोक थांबणाऱ्या घरची." निरंजननं सतरंजीखालचा एक मुरमुरा उचलून तोंडात टाकला. गंधाली पहिल्यांदा हसली.

पाहुण्यांसमोर झाडायचं नसतं. म्हणून विजयाबाई थांबल्या. साखर वाटली गेली, ओटी भरली गेली, पाहुण्यांची गाडी खालच्या वळणावर दिसेनाशी झाली. मग त्यांनी पदर खोचून केरसुणी उचलली.

"आई," गंधाली हळूच म्हणाली, "वो लोग अभी तो निकले हैं."

विजयाबाई थबकल्या. आता तर ती घरचीच माणसं. केरसुणी पुन्हा दारामागे गेली.

सतरंजीच्या काठावर कुर्रर्र करून बसत नरहररावांनी विचारलं, "अभनपूरचं घड्याळ तरी आपल्यासारखंच आहे ना?"